हवा मोजायचा डबा, वर्षभर वापरून (आणि त्यावरून घरात झालेली भांडणं)

आधीच सांगते, हा एअर प्युरिफायरचा रिव्ह्यू नाहीये. प्युरिफायर आमच्याकडे दोन वर्षं आहे, तो हॉलच्या कोपऱ्यात निळा लाईट लावून उभा असतो आणि तो नक्की काय करतो हे कोणालाच माहीत नव्हतं. हा रिव्ह्यू आहे हवा मोजायच्या डब्याचा. मागच्या वर्षी गणपती झाल्या झाल्या ऑनलाईन मागवला, ६,४९९ ला पडला. आकार म्हणाल तर मिठाईच्या पाव किलोच्या बॉक्सएवढा, पांढरा, पुढे स्क्रीन, त्यावर पीएम २.५ (हवेतले बारीक कण), कार्बन डायऑक्साईड, टीव्हीओसी (हवेत उडणाऱ्या रसायनांची एकूण बेरीज), फॉर्मल्डिहाइड, तापमान आणि आर्द्रता असे सहा आकडे. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हाच डबा वेगवेगळ्या चार नावांनी विकायला आहे, मागचं स्टिकर तेवढं बदलतं, त्यामुळे नावावरून तुम्हाला काही कळणार नाही.

आम्ही पुण्याजवळ वाकडला राहतो, टू बीएचके, चौथा मजला, मागे एक बांधकाम चालू आहे ते काही संपत नाही. मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मुलाला रात्री खोकला यायचा, दिवसा काही नाही, रात्रीच. डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जी असेल, धूळ टाळा. आता वाकडमध्ये धूळ टाळा म्हणजे काय करा? तर मी म्हटलं बांधकामाची धूळच असणार, पुरावा हवा म्हणून डबा मागवला, बिल्डरच्या माणसाला दाखवायला. पुरावा मिळाला, पण आमच्याच विरोधात.

पहिल्या रविवारची गोष्ट. डबा डायनिंग टेबलवर, पीएम २.५ चा आकडा ३१. पोह्यांची फोडणी टाकली, मोहरी तडतडली, हिंग, मिरच्या, कांदा, आणि मुलगा ओरडला आई दोनशे चौदा. कांदा गुलाबी होईपर्यंत ३४० झाला, स्क्रीन लाल, डबा पीं पीं करायला लागला. बाहेर गॅलरीत नेऊन बघितलं तर बांधकामाच्या बाजूला ५२. म्हणजे रस्त्यावर ५२ आणि माझ्या स्वयंपाकघरात ३४०! नवऱ्यानं एक शब्द न बोलता पोहे खाल्ले, हे त्याच्या बाजूनं मोठंच मन म्हणायचं.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, आपला केस साधारण पन्नास-सत्तर मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज घ्या, ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोल जातात. आपल्याकडचं सरकारी मानक २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ते १५ सांगितलंय. अर्थात ही चोवीस तासांची सरासरी आहे, फोडणीचे दहा मिनिटं नव्हे, त्यामुळे ३४० बघून लगेच गॅस बंद करून बाहेरचं जेवण मागवायची गरज नाही. मी पहिल्या आठवड्यात जवळजवळ तेच केलं, उकडलेलं जेवण, मुलगा म्हणाला आजीकडून पैसे घेऊन वडापाव खाईन.

खरा दोष निघाला चिमणीचा. एक तर आम्ही ती लावायचोच नाही, सासूबाईंना त्या आवाजात सिरियल ऐकू येत नाही. आणि लावली तरी आकडा फारसा हलत नव्हता. मग लक्षात आलं की आमची चिमणी डक्ट नसलेली आहे, बिल्डरनं भोकच ठेवलं नव्हतं, दुकानदारानं चारकोल फिल्टरवाली गळ्यात मारलेली. ती तेल थोडंफार धरते आणि बाकी सगळी हवा परत आपल्याच तोंडावर सोडते. तीन वर्षं मी तिच्या जाळ्या घासल्या, कशासाठी कोणास ठाऊक. काचवाल्याला बोलावून खिडकीच्या वरच्या काचेला सहा इंचाचं भोक पाडून घेतलं, पाइप बाहेर काढला. आता नियम असा की गॅस पेटवायच्या आधी पाच मिनिटं चिमणी चालू, आणि नंतर दहा मिनिटं तशीच. तेच पोहे, तीच कढई, आकडा ९० च्या वर जात नाही. एवढ्या एका गोष्टीत माझे डब्याचे पैसे वसूल झाले असं मी धरते. कुकरच्या शिट्टीला पण आकडा उडी मारतो, पण ती वाफ असते, त्याचं टेन्शन घेऊ नका. डब्याच्या आत एक चिमुकला पंखा आणि लेझर आहे, हवा ओढायची, कणांवर उजेड पाडायचा आणि किती विखुरला ते मोजायचं. त्या बिचाऱ्याला धुराचा कण आणि पाण्याचा थेंब सारखाच दिसतो. म्हणूनच जुलैमध्ये पाऊस धो धो पडत असताना, बाहेर हवा धुऊन निघालेली असताना, आमचा डबा खिडकीत ठेवला की ११० दाखवायचा. आर्द्रता ऐंशीच्या वर गेली की पीएमच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही हे मी आता शिकले, मॅन्युअलमध्ये एका ओळीनं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं.

आता देवघर. इथं सांभाळून लिहिते कारण सासूबाई पण वाचतात. सकाळी दोन उदबत्त्या आणि संध्याकाळी धूप. देवघर म्हणजे हॉलमधलंच एक कपाट, त्यामुळे धूप लावला की दहा मिनिटांत डबा चारशेच्या पुढे, आणि फोडणीचा आकडा तासाभरात खाली येतो तसा हा येत नाही, खिडक्या बंद असल्या तर झोपेपर्यंत शंभराच्या वरच. मी दोन-तीन दिवस काही बोलले नाही, डबा नुसता तिकडं वळवून ठेवला. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, अगं, आता देवाला पण मीटर लावणार का? माझ्या माहेरी चुलीवर तीस माणसांच्या भाकऱ्या व्हायच्या, अंगणात बंब पेटलेला असायचा, आम्ही काय मेलो का? मी म्हटलं नाही आई, तसं नाही. मग त्या बराच वेळ गप्प होत्या आणि भाजी निवडता निवडता स्वतःच म्हणाल्या, आमच्या आईला मात्र म्हातारपणी फार धाप लागायची, चार पायऱ्या चढवायच्या नाहीत. जन्मात विडीला हात लावला नाही तिनं. दुसऱ्या दिवसापासून धूप गॅलरीत, तुळशीपाशी. उदबत्ती आत एकच, तीही पूजेपुरती. मी काहीही म्हटलेलं नाही हे नमूद करते.

मच्छरांच्या कॉइलवर मात्र एकमत व्हायला वेळ लागला नाही. मुलाच्या खोलीत आम्ही कॉइल लावायचो, खिडकी बंद करून, आणि डब्याचा काटा, म्हणजे काटा नाही पण आकडा, थेट ९९९ वर जाऊन थांबला. त्याच्यापुढे त्याला मोजता येत नाही. २००३ मध्ये एक अभ्यास छापून आला होता की एक कॉइल पूर्ण जळली तर तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघतात. हे मी आधी ऐकलं होतं, पुण्यातले छातीचे डॉक्टर शंभर सिगारेटींचं उदाहरण कधीपासून देतायत, पण ऐकणं वेगळं आणि आपल्या पोराच्या उशाशी ९९९ बघणं वेगळं. त्याच रात्री मच्छरदाणी शोधून काढली, माळ्यावर होती, लग्नातली. खोकला त्या महिन्यात निम्म्यावर आला. फक्त कॉइलमुळेच होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही कारण त्याच वेळी गादीला उन्हं दाखवली, पडदे धुतले, टेडी बाहेर काढला, सगळं एकदम केलं.

मग हिवाळ्यात डब्यानं दुसरा खेळ दाखवला, कार्बन डायऑक्साईडचा. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशे पीपीएमच्या (म्हणजे दहा लाखात सव्वाचारशे भाग) आसपास असतो. आमच्या बेडरूममध्ये, दहा बाय अकराची खोली, आम्ही तिघं, दार-खिडकी बंद, सकाळी सहाला उठून बघितलं तर २,४६०! एवढ्यावर विषारी वगैरे नाही तो, घाबरू नका, पण हजाराच्या वर गेला की समजायचं खोलीतली हवा बदलत नाहीये, आपण एकमेकांची उरलेली हवा ओढतोय. हा हजाराचा आकडा आजचा नाही, पेटेनकोफर नावाच्या जर्मन माणसानं १८५८ मध्येच सांगून ठेवलाय. सकाळी डोकं जड असायचं ते मी वयावर ढकलत होते.

आणि इथं नवऱ्याशी वाद. तो म्हणे एसी लावू, फ्रेश हवा येईल. अरे बाबा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, खोलीतलीच हवा गार करून परत फेकतो, बाहेरच्या युनिटमधून आत येतो तो फक्त गॅसचा पाइप. इंजिनियर आहे हो तो! डबा एसीखाली ठेवून रात्रभर आकडा चढताना दाखवला तेव्हा पटलं. प्युरिफायरचंही तेच, तो कण धरतो, कार्बन डायऑक्साईडला हातही लावत नाही. बेडरूममध्ये बंद करून लावला तर पीएम ८० वरून वीसेक मिनिटांत १२ वर येतो, हे मान्य, जबरदस्त काम आहे, पण हॉलमध्ये गॅलरीचं दार उघडं टाकून दोन वर्षं निळा लाईट लावून ठेवला होता तो शुद्ध वीजबिल होता. घेताना त्याचा सीएडीआर बघा, म्हणजे तासाला किती घनमीटर हवा साफ करतो तो आकडा, आणि आपल्या खोलीच्या घनमीटरच्या निदान पाचपट तरी पाहिजे. आयोनायझरचं बटण असेल तर ते बंदच ठेवा, त्यानं ओझोन तयार होऊ शकतो.

मग मधला मार्ग काय, तर बेडरूमचं दार चार बोटं उघडं आणि खिडकी जाळी लावून दोन इंच. आकडा अकराशेच्या आसपास राहतो. पीएम थोडा वाढतो, तो प्युरिफायर बघून घेतो. आधी खोली बंद करून सगळा भार एकट्या प्युरिफायरवर टाकायचो आणि ते चुकत होतं, एवढंच.

आता डब्याचे दोष, आणि ते कमी नाहीत.

सगळ्यात मोठी थाप फॉर्मल्डिहाइडची. हा गॅस खरा आहे, प्लायवूड आणि एमडीएफच्या गोंदातून निघतो, नवीन वॉर्डरोब केला की डोळ्यांना झोंबणारा वास येतो त्यातला एक, आणि तो महिनोन्महिने निघत राहतो, म्हणून प्लाय घेताना ई-वन किंवा ई-झीरो, म्हणजे हा गॅस कमी सोडणारं, विचारायचं. पण आमचा डबा तो मोजतो हे साफ खोटं आहे. मला कसं कळलं ऐका. एप्रिलमध्ये माझ्या भावानं रत्नागिरीहून हापूसच्या दोन पेट्या पाठवल्या, जागा नाही म्हणून अढी घातली आमच्या पलंगाखाली, पेंढा, वर वर्तमानपत्र. चौथ्या रात्री दोन वाजता डबा बोंबलायला लागला, फॉर्मल्डिहाइड ०.३१, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ०.१, म्हणजे तिप्पट! नवरा उठून वॉर्डरोब हुंगतोय, मी गॅस बघून आले, सिलेंडरला तर काही वास नाही. शेवटी मुलानं झोपेत सांगितलं आई आंब्याचा वास येतोय. पेटी गॅलरीत नेली, आकडा पंधरा मिनिटांत शून्य पॉइंट शून्य दोन. नंतर मुद्दाम करून बघितलं, हाताला सॅनिटायझर लावून डब्यावरून हात फिरवला, ०.९. संत्र्याचं साल पिळलं, वाढला. फिनेल, डिओ, नेलपॉलिश, सगळ्याला हा फॉर्मल्डिहाइडच म्हणतो. आत एकच स्वस्तातला सेन्सर आहे, त्याला वास घेता येतो पण नाव सांगता येत नाही, कंपनीनं त्याच्यावर दोन आकडे छापलेत, एक टीव्हीओसी आणि दुसरा फॉर्मल्डिहाइड. टीव्हीओसीचा आकडा म्हणूनही फार गंभीरपणे घेऊ नका, वाढला तर काहीतरी उघडं आहे इतकंच समजा.

दुसरा दोष अ‍ॅपचा. अ‍ॅप एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब त्याचा एकत्र आकडा, दाखवतं ते अमेरिकेच्या पट्टीनं आणि कुठं लिहिलेलं नाही. पीएम २.५ साठ असेल तर आपल्याकडच्या पट्टीनं एक्यूआय १०० होतो, म्हणजे समाधानकारक, आणि अमेरिकेच्या पट्टीनं तोच दीडशेच्या वर जातो, लाल रंगात. मी एकदा सोसायटीच्या ग्रुपवर तो स्क्रीनशॉट टाकला आणि अर्ध्या तासात ए विंगच्या बायका मुलांना खाली खेळायला सोडेनात. मग सेक्रेटरींनी सफर या सरकारी हवा-मोजणी सेवेचं रीडिंग टाकलं, पाषाणला आयआयटीएम ही हवामानाची संस्था आहे ना, त्यांचं, ते निम्मं. मला वाटलं सरकारी आकडे दाबतायत, मी तसं लिहिलंही, नंतर पट्ट्यांचा फरक कळला आणि मेसेज डिलीट करायची वेळ निघून गेली होती. तेव्हा अ‍ॅपमधला एक्यूआय विसरा, सरळ मायक्रोग्रॅमचा आकडा बघा.

तिसरं, कार्बन डायऑक्साईडचा सेन्सर आपोआप स्वतःला जुळवतो, आठवड्यात दिसलेला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं धरून. डबा कायम बंद बेडरूममध्येच राहिला तर तो नऊशेलाच चारशे समजायला लागतो. आमचं फेब्रुवारीत तेच झालं, मी आपली खूश, बघा किती सुधारलं. दर रविवारी अर्धा तास गॅलरीत ठेवायचा, कपड्यांच्या स्टँडवर, इतकं केलं की ठीक राहतो. आणि घेताना एनडीआयआर (इन्फ्रारेड उजेडानं खरोखर कार्बन डायऑक्साईड मोजणारा सेन्सर) लिहिलंय का ते बघा. काही स्वस्त डब्यांत कार्बन डायऑक्साईड मोजतच नाहीत, टीव्हीओसीवरून अंदाजानं छापतात, दोन-अडीच हजाराला मिळतात ते बहुतेक असलेच.

दिवाळीचं थोडक्यात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाहेरचं तर विचारूच नका, पण आमच्या गॅलरीत मुलानं नाग गोळी लावली, ती काळी, सापासारखी वर येते ती, आवाज नाही म्हणून आपण लहान पोरांना हमखास देतो. डबा आत होता, काचेचं दार लोटलेलं, तरी ९९९. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं विद्यापीठाच्या मुलांबरोबर २०१६ मध्ये फटाके मोजले होते त्यात ही नाग गोळीच पहिली आली होती, हजाराच्या माळेच्याही वर, ६४,५०० मायक्रोग्रॅम. सुरसुरी कितीतरी खाली. यंदा नाग गोळी बंद, मुलगा अजून चिडलेला आहे.

स्नेक प्लँटबद्दल पण विचारतात लोक. नर्सरीवाल्यानं मला तीन दिले होते हवा शुद्ध करतात म्हणून. ती नासाची १९८९ ची गोष्ट, हवाबंद पेटीत ठेवलेल्या झाडांची. घरात खिडकीइतका परिणाम हवा असेल तर एका चौरस मीटरला निदान दहा झाडं लागतील असं २०१९ मध्ये कोणीतरी हिशोब करून दाखवलंय, आणि दहा ही सगळ्यात कमी. डब्याला तर फरक कळला नाहीच. झाडं छान आहेत, पाणी कमी लागतं, ठेवा.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. हा डबा कार्बन मोनॉक्साईड मोजत नाही. सहा आकड्यांमध्ये तो नाहीच. बऱ्याच जणांना वाटतं कार्बन डायऑक्साईड दिसतोय म्हणजे झालं, दोन्ही एकच. नाही. आधीच्या भाड्याच्या घरात आमच्या बाथरूममध्ये गॅस गिझर होता, आतच, आणि जानेवारीत गार वारा येतो म्हणून वरच्या झरोक्याला मी स्वतः पुठ्ठा लावला होता. नवरा अंघोळीला गेला, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, हाक मारली तर उत्तर येतंय पण दारू प्यायल्यासारखं. कडी कशीबशी काढली त्यानं आणि बाहेर येऊन दारातच बसला, ओठ थरथरत होते, म्हणत होता काही नाही, चक्कर आली जरा. त्या गॅसला ना रंग ना वास, सिलेंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो तसं इथं काही नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. दर थंडीत पेपरात बातमी येते बाथरूममधली, आपण वाचतो आणि पान उलटतो. तो पुठ्ठा मी लावला होता, हे मी अजून त्याच्या आईला सांगितलेलं नाही, आता वाचतीलच.

तर तुमच्याकडे गॅस गिझर असेल तर हा साडेसहा हजाराचा डबा घेऊ नका. आधी गिझर बाथरूमच्या बाहेर, गॅलरीत काढा, झरोका उघडा करा, आणि कार्बन मोनॉक्साईडचा वेगळा अलार्म घ्या, मला दीड हजारात मिळाला. मग पैसे उरले तर हा.

स्टार साडेतीन. पीएम आणि कार्बन डायऑक्साईडसाठी साडेचार दिले असते, एक फॉर्मल्डिहाइडच्या थापेचा कापला. बॅटरी पाच तास म्हणतात, तीन चालते. चार्जिंगचं पोर्ट सातव्या महिन्यात हलायला लागलं, कस्टमर केअरला तीन मेल केले, तिन्हींना एकच उत्तर आलं की तुमचा दिवस शुभ जावो. सध्या वायर रबरबँड लावून धरलेली आहे आणि सासूबाई फोडणी टाकायच्या आधी आतून विचारतात, किती म्हणतोय गं तो?